‘राहू दे’ हे नेमके कुणी म्हणायचे? वेटरने टिप गृहीत धरली त्या रात्रीविषयी

टिळकवाडीकर

मंडळी, विषय एकशे त्र्याहत्तर रुपयांचा आहे. ज्यांना तो क्षुल्लक वाटेल त्यांचा मला राग येणार नाही, कारण पहिले दोन दिवस मलाही तो क्षुल्लकच वाटला होता. तिसऱ्या दिवशी मात्र देवपूजा करतानाही तेच डोक्यात घोळू लागले, म्हणून हा धागा काढत आहे.

गेल्या रविवारी कोल्हापूरहून व्याही आणि विहीणबाई आल्या होत्या. मुलीच्या लग्नानंतर त्यांची बेळगावला ही पहिलीच भेट होती. सकाळी कपिलेश्वराचे दर्शन झाले, संध्याकाळी किल्ल्यातली कमल बस्ती पाहून झाली आणि रात्री मुलगी-जावयासह आम्ही सहा जण एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो. त्याचे नाव आणि रस्ता दोन्ही मी मुद्दाम सांगत नाही.

वेटर पस्तिशीचा असावा आणि कामाला अतिशय चलाख होता. आम्ही खुर्च्या ओढून नीट बसतो न बसतो तोच त्याने पाण्याच्या दोन सीलबंद बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत दोन्हींची झाकणे पिरगाळून मोकळी केली. ‘सहा मसाला पापड सांगतो,’ हे वाक्य त्याने विचारण्याच्या सुरात म्हटले खरे, पण ते म्हणेपर्यंत पेन कागदावर चालले होते. हे सारे मला खटकले, परंतु त्याच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. भाकऱ्या तव्यावरून थेट ताटात येत होत्या, विहीणबाईंना तिखट चालत नाही हे एकदा ऐकल्यावर त्यांच्यासाठी त्याने आमटी वेगळी करून आणली आणि जावयाची वाटी रिकामी झालेली त्याला आमच्याआधी दिसत होती. शंभर रुपये ठेवायचे, असे मी मनाशी ठरवलेही होते.

बिल १,८२७ रुपयांचे झाले. रेक्झिनच्या फोल्डरमध्ये मी पाचशेच्या चार नोटा ठेवल्या. तो फोल्डर घेऊन गेला आणि पाच-सात मिनिटांनी बडीशेप-खडीसाखरेची बशी तेवढी घेऊन परत आला. फोल्डर आला नाही. मी वाट पाहत बसलो. ‘थँक्यू साहेब, परत या,’ असे म्हणून तो हात मागे बांधून उभा राहिला. मी हळूच ‘बाकीचे?’ असे विचारले. त्यावर त्याने माझ्याकडे नव्हे, व्याह्यांकडे पाहून हसत म्हटले, ‘असू दे की ओ साहेब, पावणे आलेत की!’

त्या वाक्याने काय झाले ते पाहा. व्याह्यांचा हात त्यांच्या खिशाकडे गेला. बहुधा त्यांना वाटले की सुट्या पैशांची काही अडचण आहे, किंवा यजमान कचरत आहेत. तो हात खिशाकडे जाताना मी पाहिला आणि माझे डोके फिरले. आवाज न चढवता मी ‘मोड घेऊन या’ एवढेच म्हणालो. एक शंभराची, एक पन्नासची, दहाच्या दोन आणि रुपयाची तीन नाणी त्याने आणून ठेवली. मी ती सारी, नाण्यांसकट, उचलून खिशात घातली आणि आम्ही निघालो. जिना उतरताना सौभाग्यवतींनी विचारले, ‘शंभर ठेवणारच होतात ना तुम्ही?’ मी काही बोललो नाही.

मला विचारायचे आहे ते असे. देण्याची इच्छा असताना केवळ गृहीत धरले गेले म्हणून काहीच न देणे योग्य झाले का? अशा वेळी पाहुण्यांसमोर नेमके काय बोलावे, आणि मालकाच्या कानावर घालावे की सोडून द्यावे?

गणपत गल्ली

आपण पैसे परत घेतलेत हे उत्तम केलेत. माझे सारे आयुष्य दुकानाच्या गल्ल्यावर गेले आहे. गिऱ्हाइकाचे उरलेले पैसे त्याच्या हातात ठेवणे हा व्यवहार झाला. त्यातले पाच-दहा रुपये त्याने आमच्या पोऱ्याला द्यायचे की नाही, हा सर्वस्वी त्याचा मामला. व्यवहार पुरा होण्याआधीच जो बक्षिसी उचलतो, त्याला बक्षिसी नको असते. त्याला कापून घ्यायचे असते. उद्या माझ्या पोऱ्याने कुणाची मोड परत केली नाही, तर गिऱ्हाईक त्याला विचारणार नाही, ते माझ्या दुकानाची पायरी चढणे सोडून देईल.

निपाणीकर

मी या मताशी सहमत नाही. टिळकवाडीकरांनी एका वाक्याची शिक्षा दीड तासाच्या कामाला दिली. वेगळी केलेली आमटी, तव्यावरची भाकरी आणि जावयाची वाटी या गोष्टी त्या वाक्याने पुसल्या जात नाहीत. मी असतो तर सारी मोड परत घेतली असती, त्यातले पन्नास त्याच्यासमोर बशीत ठेवले असते आणि म्हटले असते, ‘हे जेवणाचे, शंभर देणार होतो, बाकीचे पन्नास तुझ्या बोलण्यात गेले.’ म्हणजे त्याला हिशेबही कळला असता.

टिप किती द्यावी यावर येथे पूर्वीही वाद झाले आहेत, म्हणून माझी पद्धत सांगून टाकतो. उभ्याने इडली खाण्याच्या ठिकाणी, जेथे कूपन घेऊन आपले ताट आपणच उचलावे लागते, तेथे टिपेचा प्रश्न येत नाही. ज्या खानावळीत मालकीणबाई स्वतः वाढतात, तेथे टिप ठेवणे हा मी त्यांचा अपमान समजतो. तेथे ‘वहिनी, आमटी फक्कड झाली होती’ हे सांगून निघावे. टेबलावर बसवून वाढणाऱ्या हॉटेलात पाचशेच्या आतल्या बिलाला वीस-तीस रुपये, त्यावर साधारण पाच टक्के. दहा टक्के ही मोठ्या शहरांतली रीत आहे आणि ती आपल्याकडे आणण्याची घाई नको.

टिळकवाडीकर

निपाणीकर, आपले वाक्य मला फार आवडले, पण ते त्या क्षणी सुचायला हवे होते. मला तर जिना उतरेपर्यंत ‘मोड’ याखेरीज दुसरा शब्दच आठवत नव्हता.

वडगावकर

क्षमा असावी, पण वेटर मराठी होता की कन्नड, हे आपण लिहिलेले नाही. सीमाभागात अशा प्रसंगाला ती एक बाजू असू शकते, म्हणून विचारतो.

टिळकवाडीकर

ती बाजू येथे अजिबात नाही आणि धागा तिकडे वळू नये अशी विनंती आहे. आमच्याशी तो माझ्यापेक्षा स्वच्छ मराठीत बोलत होता. आमच्याआधी शेजारच्या टेबलावरचे कन्नड कुटुंब उठले, तेव्हा त्यांनाही मी त्याला ‘इरली बिड्री सर’ म्हणताना ऐकले होते. त्या वेळी अर्थ कळूनही माझ्या लक्षात आले नाही की पुढची पाळी आपली आहे. ‘असू दे की’ आणि ‘इरली बिड्री’ ही दोन्ही वाक्ये तो सारख्याच सफाईने म्हणतो, तेव्हा भेदभावाचा आरोप त्याच्यावर कुणालाही करता येणार नाही.

मात्र या प्रश्नामुळे मला नेमके काय बोचले ते उमगले. ‘राहू दे’, ‘असू दे’, ‘इरली बिड्री’ ही देणाऱ्याच्या तोंडची वाक्ये आहेत. रिक्षावाला सुटे शोधू लागला की आपण ‘राहू दे’ म्हणतो, आणि तेवढ्या दोन शब्दांत आपला थोडासा मोठेपणा असतो. त्या माणसाने माझे पैसे घेतले याचे मला तितके वाईट वाटले नाही. माझे वाक्य घेतले याचे वाटले.

चिकोडीची वकील

या धाग्यात दोन-तीन गोष्टी एकमेकींत मिसळत आहेत, त्या कायद्याच्या बाजूने वेगळ्या करते.

सेवा शुल्क, म्हणजे बिलातच छापून येणारा सर्व्हिस चार्ज, ही एक गोष्ट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोणतेही हॉटेल किंवा रेस्टॉरंट ते बिलात आपोआप जोडू शकत नाही, दुसऱ्या नावाने वसूल करू शकत नाही आणि ते दिले नाही म्हणून ग्राहकाला प्रवेश किंवा सेवा नाकारू शकत नाही. रेस्टॉरंट-चालकांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात त्यांना स्थगितीही मिळाली होती. परंतु २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि ही तत्त्वे कायम ठेवली. ग्राहकाने आपखुशीने टिप द्यायला मात्र कुणाचीही आडकाठी नाही. तेव्हा बिलात असा आकार दिसला तर तो काढून मागावा, आणि नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी. बिलातला पाच टक्के जीएसटी हा कर आहे, हेही सांगून ठेवते, कारण ‘जीएसटी दिला, आता टिप कशाला’ असे म्हणणारे अशील मला दर महिन्याला भेटतात. तो पैसा सरकारकडे जातो, वेटरला त्यातले काही मिळत नाही.

दुसरी गोष्ट टिप. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या आयकर-प्रकरणात असे ठरवले की कार्डावर दिलेली आणि मालकामार्फत कर्मचाऱ्यांत वाटली गेलेली टिप हा पगार नव्हे, त्यामुळे मालकाने पगार समजून त्यावर मुळातून करकपात करण्याचे कारण नाही. त्यामागचे तर्कशास्त्र आपल्या वादाला उपयोगी पडते: ग्राहक टिप देईल किंवा देणार नाही, ती सर्वस्वी त्याच्या मर्जीची, म्हणून कर्मचाऱ्याला ती हक्काने मागता येत नाही.

आणि टिळकवाडीकरांच्या प्रसंगात जे घडले ते या दोन्हींत बसत नाही. १७३ रुपये त्यांनी दिलेच नव्हते. ते त्यांचेच पैसे होते आणि फक्त थोडा वेळ दुसऱ्याच्या हातात होते.

जांबोटीकर

वकीलताईंनी कायदा सांगितला; मी टेबलाची दुसरी बाजू सांगतो. अकरा वर्षे मी वेटर होतो, त्यांतली सात बेळगावात आणि चार गोव्यात. आता गावी काजूची बाग पाहतो, त्यामुळे कुणाची भीड न बाळगता लिहू शकतो.

बाहेरच्यांना वाटते की टिप वेटरच्या खिशात जाते. मी जिथे जिथे काम केले, तिथे ती बहुतेक वेळा डब्यात जात असे. गल्ल्याशेजारी कुलूप लावलेला पत्र्याचा डबा असायचा आणि दर सोमवारी दुपारी तो सर्वांसमक्ष उघडला जायचा. त्यात वेटरचे दोन भाग, टेबल पुसणाऱ्या पोराचा एक, भांडी घासणाऱ्या मावशींचा अर्धा आणि तंदूरवाल्याचा एक, असा हिशेब असे. एका ठिकाणी फुटलेल्या ग्लासांचे पैसेही त्यातूनच कापत. ज्या वेटरच्या टेबलावरून डब्यात कमी पडे, त्याच्याकडे बाकीचे संशयाने पाहत, की याने मधल्यामध्ये खिशात घातले. म्हणजे गिऱ्हाईक टिप न देता उठले, तर तुमच्यावर नुकसानीबरोबर आळही येई. टिळकवाडीकरांच्या वेटरवर असा काही दाब असेलच असे मी म्हणत नाही, पण तो हावरट होता एवढ्यावर थांबू नये.

आमची ड्यूटी ब्रेकची असे. सकाळी अकरा ते साडेतीन आणि संध्याकाळी सात ते रात्री साडेअकरा. मधल्या साडेतीन तासांत जांबोटीला जाऊन येणे शक्य नव्हते, म्हणून हॉटेलच्या माळ्यावरच आडवे पडायचे. मालक पगार ठरवताना तोंडाने सांगत, ‘पगार एवढा, आणि वर टिप आहे की.’ म्हणजे जी गोष्ट गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आहे, ती मालकाने आधीच आमच्या पगारात मोजलेली असे. मालकाने गृहीत धरली, म्हणून वेटर गृहीत धरतो. ही साखळी टेबलाशी येऊन गिऱ्हाइकाला बोचते, पण तिचे पहिले टोक गल्ल्यावर असते.

त्यात अधिवेशनाचे दिवस. बेळगावात सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इमारत, झाल्यापासून हिवाळी अधिवेशनाच्या काळात शहरातली हॉटेले भरून वाहतात. त्या दिवसांत एकेका टेबलावरून पाचशेची नोट सुटलेली मी पाहिली आहे. ती गर्दी निघून गेली की दुसऱ्या आठवड्यात तोच वेटर शहापूरच्या चार जणांच्या कुटुंबाला वाढतो आणि ते प्रेमाने वीस रुपये ठेवतात. जिभेला चटक लागलेली असते. माझीही लागली होती, हे कबूल करतो.

आता खरे मर्म सांगतो. आमचे जुने कॅप्टन, ज्यांनी मला हे काम शिकवले, ते म्हणायचे की टिप तोंडाने मागायची नसते, ती मोडीने मागायची असते. १७३ रुपये परत द्यायचे आहेत ना? मग शंभराची नोट आणूच नका. एक पन्नास, पाच वीस, दोन दहा आणि तीन रुपये असे आणा. नोटा नीट पसरून ठेवा, सुटी नाणी वर ठेवा आणि टेबलापासून चार पावले मागे जा. गिऱ्हाइकाला मनासारखा आकडा निवडता येतो आणि त्याच्याकडे कुणी पाहत नाही. शंभराची एकच नोट आणली की त्याला शंभर किंवा सत्तर असे दोनच रस्ते उरतात आणि तो वैतागतो. टेबलाशी उभे राहणे हे तर आमच्यात भीक मागण्यासारखे समजले जाई. त्या वेटरने पहिल्या फेरीत मोड आणलीच नाही, दुसऱ्या फेरीत रागाने मोठ्या नोटा आणल्या आणि वर उभाही राहिला. ‘अतिशय चलाख’ असे तुम्ही लिहिलेत, पण माझ्या दृष्टीने तो कच्चा होता.

काका, एक विनंती. मालकाकडे तक्रार केलीत तर त्याच्या पगारातून काहीतरी कापले जाईल आणि टिपेची सवय तशीच राहील. तसे करू नका.

काकतीवाली

जांबोटीकर दादा, तुमचे लिखाण मनाला भिडले, पण गृहीत धरण्याची एक उलटी तऱ्हा आम्हा बायकांच्या वाट्याला येते, तीही येथे नोंदवते.

आमची बारा जणींची भिशी आहे. दर महिन्याला एकीच्या घरी न जमता आम्ही हॉटेलात जमतो. दारातून बारा बायका आत येताना दिसल्या की वेटरच्या चेहऱ्यावर जे उमटते ते आम्हाला पाठ झाले आहे: ‘या तीन तास बसणार, चार डोसे बारा जणींत वाटणार आणि शेवटी दहा रुपयांसाठी वाद घालणार.’ मग पाणी दोनदा मागावे लागते आणि चटणी तिसऱ्यांदा. याच हॉटेलात मी यजमानांबरोबर गेले की हाक मारावी लागत नाही. बिल नेहमी यजमानांसमोर ठेवले जाते, जरी ऑर्डर मी दिलेली असली आणि पैसे मीच देणार असले तरी.

टिळकवाडीकरांना ‘हे देणारच’ म्हणून गृहीत धरले आणि आम्हाला ‘या देणारच नाहीत’ म्हणून. दोन्हींत वेटर माणसाकडे न पाहता त्याच्या वेषाकडे पाहतो. गेल्या दिवाळीआधीच्या भिशीला आम्ही ठरवून आल्या-आल्याच वाढणाऱ्या मुलाच्या हातात दोनशे रुपये ठेवले आणि सांगितले, ‘हे तुझे, आता आमच्याकडे लक्ष दे.’ त्या दिवशी चटणी न मागता आली. मला मात्र घरी येताना वाईटच वाटले. खूश होऊन दिलेली ती बक्षिसी नव्हती, पट्टी भरल्यासारखे वाटले. पुढच्या महिन्यात आम्ही तसे केले नाही आणि चटणी पुन्हा मागावी लागली.

सातासमुद्रापार

मी मूळचा शहापूरचा, आता बरीच वर्षे अमेरिकेत आहे. येथे टिप पंधरा ते वीस टक्के देणे हा जवळजवळ अलिखित नियम आहे आणि त्याचे कारण जांबोटीकरांनी सांगितलेल्या साखळीतच आहे, फक्त येथे ती कायद्यात लिहिलेली आहे. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे किमान वेतन संघीय कायद्यानुसार तासाला २ डॉलर १३ सेंट आहे आणि ते १९९१ पासून बदललेले नाही. टिप धरून ते साध्या किमान वेतनाइतके, म्हणजे ७ डॉलर २५ सेंट, भरले नाही तर उरलेले मालकाने भरायचे असते. काही राज्यांनी स्वतःचे दर याहून पुष्कळ वाढवलेले आहेत, पण मूळ चौकट ही अशी आहे. म्हणून येथे टिप न देणे म्हणजे एखाद्याचा पगार बुडवणे समजतात.

आता तर कॉफीच्या टपरीवरही यंत्राचा पडदा ग्राहकाकडे फिरवतात आणि त्यावर अठरा, वीस, बावीस टक्के असे चौकोन झळकतात. ‘काही नको’ हे अक्षर सर्वांत बारीक असते आणि रांगेतले मागचे सारे तुमच्या बोटाकडे पाहत असतात. टिळकवाडीकरांच्या वेटरने व्याह्यांकडे पाहून जे केले, ते येथे यंत्र करते. बेळगावात निदान माणूस समोर आहे, त्याला ‘मोड आणा’ म्हणता येते.

गणपत गल्ली

यंत्राचा विषय निघाला म्हणून लिहितो. हल्ली बिल क्यूआर कोडवर भरले जाते, त्यामुळे मोडच उरत नाही आणि वेटरचे नुकसान होते, हे मान्य आहे. पण परवा एका ठिकाणी बिल भरून झाल्यावर वेटरने आपल्या मोबाइलवरचा स्वतःचा क्यूआर माझ्यासमोर धरला. यावर जांबोटीकर काय म्हणतील?

जांबोटीकर

आमच्या वेळी क्यूआर नव्हता, म्हणून अनुभव नाही. पण समोर धरणे हे टेबलाशी उभे राहण्यासारखेच आहे, असे मी म्हणेन. गिऱ्हाइकाने आपणहून ‘तुझा नंबर दे’ म्हटले तर गोष्ट वेगळी.

गल्ल्यावरचा

मी स्वतः तालुक्याच्या गावी एक छोटे हॉटेल चालवतो आणि जांबोटीकरांनी मालकांवर ठेवलेला ठपका मला अर्धा मान्य आहे. ‘वर टिप आहे की’ हे वाक्य मीही पहिल्या काही वर्षांत म्हटलेले आहे. उरलेल्या अर्ध्याविषयी माझे म्हणणे असे की थाळीचा दर दहा रुपयांनी वाढवला तर गिऱ्हाईक समोरच्या हॉटेलात जाते, आणि तेच गिऱ्हाईक वेटरला वीस रुपये टिप ठेवून ‘पगार चांगला देत जा’ असे मला ऐकवून जाते.

मात्र टिळकवाडीकरांचा प्रसंग माझ्याकडे घडला असता, तर मला तो कळायला हवा होता. जांबोटीकर तक्रार करू नका म्हणतात. मी म्हणतो, तक्रार करू नका पण सांगा. वेटर मोड परत न देता गिऱ्हाइकाला पाठवतो, हे मला गल्ल्यावरून दिसत नाही. मी पैसे मोजून फोल्डरमध्ये घालतो, फोल्डर जातो, परत येताना रिकामा येतो आणि मी समजतो की गिऱ्हाईक खूश आहे. सहा महिन्यांनी गिऱ्हाईकच येईनासे होते, तेव्हा मी मसाल्यात काय बदलले ते शोधत बसतो. माझ्याकडे आता नियम आहे की मोड गिऱ्हाइकाच्या पुढ्यात मोजून ठेवायची आणि मग तिथून निघायचे. नियम रोज पाळला जातोच असे नाही, लग्नसराईत तर मुळीच नाही.

निपाणीकर

टिळकवाडीकर, धागा काढून आपण गायब झालात. पुढे काय केलेत?

टिळकवाडीकर

गायब झालो नव्हतो, सारे वाचत होतो. जांबोटीकरांचे मोडीविषयीचे लिखाण मी सौभाग्यवतींना मोठ्याने वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, ‘मग एकदा जाऊन बघू या, कशी मोड आणतो ते.’

काल दुपारी आम्ही दोघेच त्याच रेस्टॉरंटात गेलो. तोच होता. मला पाहताच त्याने ओळखले, हे त्याच्या थबकलेल्या पावलावरून कळले. या वेळी बाटली आणली, पण झाकणाला हात न लावता ‘साधं पाणी देऊ?’ असे विचारले. मसाला पापडाचे नावही निघाले नाही. जेवण होईपर्यंत तो आमच्याशी कामापुरतेच बोलला आणि खरे सांगायचे तर त्यामुळे मलाच अवघडल्यासारखे झाले. मागच्या वेळची ती आपुलकीची वटवट गेली होती.

बिल ३१५ झाले. मी पाचशेची नोट ठेवली. तो फोल्डर घेऊन आला, उघडला आणि एकेक नोट बोटाने दाबत त्याने मोठ्याने मोजून दाखवले: तीन पन्नास, तीन दहा आणि पाचचे एक नाणे. ‘एकशे पंच्याऐंशी, साहेब. बघून घ्या.’ मग तो चार पावलेच काय, पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे गेला आणि पाठ करून उभा राहिला.

मी दहाच्या तीन नोटा काढल्या. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले, म्हणून एक पन्नासचीही त्यांवर ठेवली, आणि फोल्डर मिटला. मालकांना मी काही सांगितले नाही; गल्ल्यावर कुणी वेगळेच बसले होते. बाहेर येऊन गाडी काढताना लक्षात आले की या वेळी मोड पूर्ण आली होती, पण बडीशेप आलीच नव्हती.